समजा सर

सर वाईट माणूस नव्हता. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे मी त्याच्याविषयी बरं बोलेनच असं नाही.

आमच्या लोणखेड्याच्या घराला रस्त्याच्या अंगाने एक खोली आहे. शहाद्याला कॉलेजात शिकणारी पोरं तिथे भाड्याने राहतात, भिंतीला खिळे ठोकतात आणि निघून जातात. त्या खोलीत हा आला. पोरगा नव्हता, चाळिशीचा गडी होता. टक्कल पडत चाललेलं, अंगात कायम पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि भर उन्हाळ्यात पायात पावसाळी चपला. पुण्याकडचा. मी विचारलं, काय करता? म्हणाला, "व्यसन का सुटत नाही ते मोजतो." मी म्हटलं, मोजून सुटतं का? तर हसला. त्याला राग यायचाच नाही. अशा माणसाशी भांडायला फार जड जातं, ते मला नंतर कळलं.

त्याचं काम असं, की दारूवाला, तंबाखूवाला, गुटखेवाला, जो सापडेल त्याच्यासमोर बसायचं आणि विचारायचं, "समजा, मी तुम्हाला आज शंभर रुपये दिले किंवा महिन्याने दोनशे दिले. तुम्ही काय घ्याल?" समोरच्याने उत्तर दिलं की आकडा बदलायचा. महिन्याने दोनशे नाही, दीडशे. महिन्याने नाही, सहा महिन्यांनी. माणूस कुठे जाऊन उलटा फिरतो ते त्याला बघायचं असायचं. त्याचं म्हणणं, ज्याला आजचं थोडं गोड लागतं आणि उद्याचं जास्त नको वाटतं, तो सवयीत खोल रुतलेला. ज्याला थांबता येतं त्याची सवय सुटू शकते. मला तेव्हा ते पटलं होतं. ऐकायला बरोबरच वाटतं.

प्रत्येक वाक्याला 'समजा'. म्हणून टपरीवरच्यांनी त्याचं नाव समजा सर ठेवलं. एकजण त्याला म्हणाला, "पैसा देनार शेत का खरंच?"

"नाही हो. समजा."

"मंग समजा मी पाच लाख लिधात. लिखा. तुमना बापनं काय जास?"

सराने लिहिलं नाही, पण रागावलाही नाही. दुसऱ्या दिवशी परत त्याच माणसापुढे जाऊन बसला. त्याचं ते वेडच होतं. एकाला एकदा विचारून भागायचं नाही. जेवणाआधी विचारायचा, जेवल्यावर विचारायचा. बाजाराच्या दिवशी, बाजार उठल्यावर. उत्तर जुळलं नाही की कपाळाला हात लावायचा. जुळलं की बरा दिसायचा, मग जरा वेळाने म्हणायचा, "पाठ तर करून नाही ना ठेवलं?"

दुसरा प्रश्न दारूच्या भावाचा होता. क्वार्टर इतक्याला झाली तर किती प्याल, तितक्याला झाली तर किती. आमच्या गल्लीच्या टोकाला एक पक्का पिणारा होता, आता तोही नाही. त्याने सराला उत्तर दिलं, "पहिले आन. मंग सांगस."

"आणायची नाही दादा, फक्त समजायची."

"समोर नई तर माले काय माहीत मी कितली पिसू? पेता पेता कयस ते."

सर घरी आला आणि ताटावर बसल्या बसल्या आमच्या बाईला, म्हणजे माझ्या घरातलीला, सांगू लागला, "काकू, माझ्या सगळ्या कामाचं आज एका माणसाने दोन वाक्यांत वाटोळं केलं." इतका खूष होता की भाकरीचा तुकडा हातात तसाच. आणि सकाळी उठून तोच प्रश्न घेऊन पुढच्या गल्लीत गेला. मी म्हटलं, काल तर वाटोळं झालं होतं ना? म्हणाला, "आबा, दुसरं काही नाही माझ्याकडे मोजायला. हेच आहे."

त्याचं जेवण आमच्याकडेच असायचं. ठरलं नव्हतं, पण आमच्या घरातलीने पहिल्याच आठवड्यात त्याला वाटीभर शेवभाजी नेऊन दिली आणि मग ते सुरूच राहिलं. पोरगी लग्न करून सुरतेकडे गेलेली, घरात आम्ही दोघं. तिला वाढायला कोणीतरी लागायचं. कळण्याची भाकर आणि ठेचा असला की तो डोळ्यांतून पाणी काढत खायचा, नाक पुसायचा आणि आणखी मागायचा. ती म्हणायची, "मरी जाशी दादा, पानी पे." हा म्हणायचा, "समजा मेलो, तर भाकरी फुकट गेली असं वाटेल का तुम्हाला?" ती हसायची. तिचे दात काळे होते. हसताना पदर लावायची.

दातांचं सांगतो. ती मिसरी लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, आणि बोटाने हिरड्यांना घासायची. लग्न होऊन आली तेव्हापासून. सकाळी लावली नाही तर तिला परसाकडला होत नसे, चुलीजवळ बसवत नसे, कोणी बोललं तर अंगावर जात असे. तव्यावर भाजायला घेतली की शेजारची म्हातारी खोकत ओरडायची, "हाई तुनी विडी बंद कर वं माय, घरमा बठू दे." आमची म्हणायची, "नाक धरी ले. माले बी तुना नवराना घोरानं ऐकू येस, मी काही बोलस का?"

सराला स्वतःला सुपारीची सवय होती. दिवसभर गालात. आमच्याकडे राहता राहता त्याच्या डोक्यात आलं की ती सोडायची. पण सोडायची कशी, तर त्याची रीत वेगळी. सुपारीचा डबा, त्याला बारकं कुलूप, आणि किल्ली आमच्या बाईच्या हातात. सकाळी तिला गंभीर होऊन सांगितलं, "काकू, संध्याकाळचा मी आणि आत्ताचा मी, हे दोन वेगळे लोक आहेत. संध्याकाळचा जो येईल त्याला किल्ली देऊ नका. तो काहीही सांगेल. तो लबाड आहे."

संध्याकाळी तो लबाड आला. आधी हसून मागितली. मग डोकं दुखतंय म्हणाला. मग म्हणाला, काम अडलंय, एकच खांड द्या. ती जात्याजवळ मिरच्या निवडत होती. मान वर न करता बोलली, "नई देऊ. सकायले एक भला मानूस सांगी गया, संध्याकाये एक लबाड यी, त्याले देऊ नको."

"काकू, तो भला माणूस मीच होतो."

"तू नई. तो गोड बोले."

कित्येक महिने तिने ती किल्ली सांभाळली. तो रडकुंडीला आला तरी दिली नाही. एकदा तापात होता, मला वाटलं द्यावी, तिने मलाही दिली नाही. त्याची सुपारी सुटली ती तिच्यामुळे. हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं आहे, म्हणून मी हे लिहितो.

त्याची आणखी एक रीत होती. टपरीवरचे सोडले तर ज्याला प्रश्न विचारायचे त्याच्या घरी आधी जेवायचं, निदान चहा तरी प्यायचा. तो सांगायचा, दुसरे लोक येतात, झाडाखाली खुर्ची टाकतात आणि पोलिसासारखं विचारतात. "ज्याच्या घरचं पाणी प्यायलो नाही, त्याला त्याच्या सवयीबद्दल मी कोण विचारणार?" असं म्हणायचा. गावाला हे फार आवडलं. मलाही. पुण्याचा माणूस कोणाच्याही चुलीपुढे मांडी घालून बसतो, मागून घेऊन खातो, ही काही लहान गोष्ट नाही.

एकदा तो मला बरोबर घेऊन डोंगरात गेला. काठी गावाच्या वाटेवर एका पाड्यात. माझी तिकडे जुनी ओळख होती, तिकडचे लोक आमच्या शेतात कापूस वेचायला येत. एका म्हाताऱ्याच्या अंगणात बसलो. त्यांनी आधी भाकर आणि उडदाची डाळ दिली, सर पोटभर जेवला, मग प्रश्न काढले. म्हातारा बाजारातलं मराठी बोलायचा.

"बाबा, समजा मोहाची बाटली वीस रुपयांना मिळाली, तर तुम्ही किती प्याल?"

म्हातारा म्हणाला, "विकत कशाला? आम्ही काढतो."

"समजा, विकत घ्यावी लागली."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "कोणाचं लगीन आहे?"

"लग्न नाही. असंच."

"कोणी मेलं?"

"नाही बाबा."

"मग देवाचं काही आहे?"

"काही नाही. एकटे बसलात, बाटली वीसला आहे."

"काहीच नाही तर दारू कशाला विचारतो?" म्हातारा म्हणाला, आणि त्याची म्हातारी आतून हसली. सर घाट माझ्या पुढे पुढे उतरला. खाली आल्यावर बोलला, "आबा, त्याच्याकडे उत्तर होतं. माझा प्रश्नच त्याच्या गावचा नव्हता." मी म्हटलं, मग प्रश्न बदला. म्हणाला, "बदलला तर बाकीच्यांशी ताडून बघता येत नाही. सगळीकडे तोच विचारावा लागतो." मला काय, माझ्या घरचं काही त्यात अडकलेलं नव्हतं तेव्हा.

मग अडकलं.

आमच्या घरातलीच्या गालाला आतून पांढरा चट्टा आला. तिखट झोंबू लागलं. आम्ही डॉक्टरकडे गेलो नाही असं नाही. मलम दिलं, मिसरी सोडा म्हणाले. सोडा म्हणायला तोंडच लागतं. तिने सोडून पाहिली. दोन-चार दिवस घरात कोणाला सुख नव्हतं, मग एक दिवस मी शेतातून आलो तर तवा काळा होता. माझ्याकडे बघून म्हणाली, "बोलू नको."

त्याच सुमाराला सर ज्या संस्थेचं काम करायचा तिने मिसरीवाल्या बायांसाठी एक लांब इलाज काढला. दर आठवड्याला गाडी येणार, डॉक्टर तोंडात बॅटरी धरून बघणार, औषध देणार, सोडताना जीव कासावीस होतो तर एक बाई घरी येऊन बसणार. काही गडबड दिसली तर पुढे मोठ्या दवाखान्यात नेणार. फुकट. पण जागा थोड्या. मग घ्यायचं कोणाला? तर ज्या बाया मध्येच सोडून जाणार नाहीत त्यांना. ते कसं कळणार? तर सराच्या प्रश्नांनी. ज्यांना थांबता येतं त्या आत. बाकीच्यांना एक रंगीत कागद, त्यावर सडलेल्या तोंडाचं चित्र.

आमच्या बाईला रंगीत कागद मिळाला. तिने तो घडी करून मिसरीच्या डबीखाली ठेवला, डबी डुगडुगत होती म्हणून.

मी सराच्या खोलीत गेलो. म्हटलं, "सर, काहीतरी चुकलं." तो मान खाली घालून बसला होता. म्हणाला, "आबा, काकूंनी प्रत्येक वेळी आजचंच घेतलं. शंभराला आज म्हणाल्या. पन्नासला आज म्हणाल्या. महिन्याने हजार दिले तरी आजचे वीस द्या म्हणाल्या. इतकं खाली दारूवालाही उतरला नाही."

"तुमची किल्ली कोणाकडे होती?"

"मला माहीत आहे."

"मग?"

"ते मोजलेलं नाही, आबा. मोजलेलं हे आहे."

मी घरात आलो आणि तिच्यावर ओरडलो. हजार सोडून वीस कशाला घेतलेस म्हणून. ती चुलीपुढे होती. आधी म्हणाली, कोन देवाले बठेल व्हतं. मग बोलली, "आपला घर जेवस तो. पाहुना मानूस. त्याकडे हजार कसा मांगाऊ? लाज नई का? आनि महिनाभर त्याना डोकावर बोजा. म्हनं थोडंसं दे नि मोकळा व्हय."

मला एकदम सगळं दिसलं. ही एकटी नव्हती. जिथे जिथे तो जेवला, चहा प्यायला, तिथल्या एकूणएक बाईने असंच केलं असणार. आमच्याकडे पाहुण्याला वाढतात, त्याच्याकडून घेत नाहीत. घ्यायचीच वेळ आली तर बोटावर मावेल एवढं घेतात आणि पुरे म्हणतात. पुरुष टपरीवर विचारलेले, त्यांनी पाच लाख सांगितले. बाया चुलीपुढे विचारलेल्या, त्यांनी वीस. आणि हा बाबा कागदावर लिहीत गेला की यांना थांबता येत नाही.

मी परत जाऊन त्याला सांगितलं. त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "मी जेवलो, म्हणून."

"हां. तुम्ही जेवला म्हणून."

मला वाटलं झालं, आता हा कागद फाडेल आणि तिचं नाव आत घालेल. त्याच्या हातात होतं. एक आकडा तर बदलायचा. माझ्यासारख्या अडाण्याने बदलला असता. पण त्याने बदलला नाही. म्हणाला, एकीचं मी बदललं तर बाकीच्यांचं काय, आणि मग माझ्या कुठल्याही आकड्यावर कोणी विश्वास का ठेवावा. मी म्हटलं, आत्ता तरी कोण ठेवणार? तो म्हणाला, "म्हणूनच." मला आजवर त्या 'म्हणूनच'चा अर्थ लागलेला नाही. मी त्याला तेव्हा पहिल्यांदा अरे-तुरे केलं. "तू भला मानूस शे, सर," मी म्हटलं, "पन तुना भलेपनना माले काय उपयोग?"

त्याने वरच्यांना फोन केला, मला समोर बसवून केला. इकडून बायांचं पाहुण्याचं वगैरे सांगितलं. तिकडचा माणूस काय बोलला ते त्याने नंतर मला सांगितलं, लपवलं नाही. तिकडचा म्हणाला, दोनदा विचारलं होतंस ना? दोन्ही वेळा तेच उत्तर आलं ना? मग मोजमाप पक्कं आहे, भरवशाचं आहे, काळजी करू नकोस.

मी कापूस विकत आलेला माणूस आहे. व्यापाऱ्याचा काटा मारलेला असला की तो दर खेपेला तेवढंच कमी दाखवतो. दहा वेळा ठेवा, दहा वेळा तेच. त्याला आम्ही भरवशाचा काटा म्हणत नाही. सराला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "आबा, फोन झाल्यावर हेच मी त्यांना दहा पानांत लिहून पाठवलं." पाठवलं असेल. गाडी आली ती ज्यांची नावं होती त्यांना घेऊनच गेली. आमच्या दारावरून गेली. दर आठवड्याला.

सर मग पिसाळल्यासारखा कामाला लागला. त्याने आमच्याकडे जेवायचं बंद केलं. कोणाकडेच जेवेना. गावात पाणीसुद्धा पिईना. पिशवीत बिस्किटं आणि बाटली घेऊन हिंडायचा. घरी बोलावलं तर हात जोडायचा. लोकांना वाटलं याला काहीतरी झालं, कोणी म्हणे कोणी जादूटोणा केला. आमची दारात ताट घेऊन उभी राहायची, हा खोलीतून म्हणायचा, "काकू, नको. सगळं परत मोजायचंय. परत विटाळायला नको." तिला ते फार लागलं. म्हणायची, "मन्ही भाकर काय जहर शे?" मी समजावलं. तिला समजलं, पण लागलं ते लागलंच.

परत मोजायला त्याने स्वतः बसायचं नाही असं ठरवलं. धानोऱ्याकडून एक अनोळखी बाई आणली. शाळेच्या मैदानात, घरापासून लांब, ओळखपाळख नाही, चहापाणी नाही. एकेकीला बोलावून तिने विचारायचं. सगळं पहिल्यापासून. त्यात फार दिवस गेले. आखाजीचा सण गेला, उन्हाळा गेला, पाऊस येऊन गेला. आमच्या बाईचा नंबर यायला वेळ लागला, कारण तो कोणाला आधी, कोणाला नंतर हेही चिठ्ठ्या टाकून ठरवायचा, नाहीतर म्हणे त्यात खोट येते. मी म्हटलं, हिला आधी घे. म्हणाला, "घेतलं तर तेच झालं, आबा." तोवर चट्ट्याची गाठ झाली होती. पोरगी येऊन सुरतेला घेऊन गेली, तिकडे तुकडा काढून तपासला. ते काय निघालं ते लिहीत नाही. ऑपरेशन झालं, अर्धा गाल गेला, परत घरी आणली. पातळ पेजेवर. मिसरी तेव्हा सुटली. सुटायची जागाच राहिली नाही.

तशातही ती मैदानात गेली. मी नको म्हणत होतो. म्हणाली, दादाचं काम आहे, त्याचं अडायला नको. पदर तोंडावरून घट्ट घेऊन गेली आणि आली. मी विचारलं, काय सांगितलंस? बोलताना शब्द फुटत नव्हते, पण मला कळायचं. तिने सांगितलं, प्रत्येक वेळी जास्तीचं घेतलं. महिन्याने तर महिन्याने, वर्षाने तर वर्षाने.

"आता कशी थांबलीस?"

तिचे डोळे हसले. "ती बाई आपली कोन शे? परकी. तिनाकडथीन जितलं निंघी तितलं काढी लेवानं."

म्हणजे हेही थांबण्याचं मोजमाप नव्हतंच. पहिल्यांदा पाहुणा होता म्हणून कमी घेतलं, दुसऱ्यांदा परकी होती म्हणून जास्त घेतलं. थांबता येतं की नाही हे दोन्ही वेळा कोणी विचारलंच नव्हतं. आम्ही दोघं त्या दिवशी पुष्कळ हसलो. ती तोंड धरून हसली, दुखत होतं तिला. शेवटचं तेच.

काही आठवड्यांनी सर आला. धावत आला होता, श्वास लागलेला. दारात म्हणाला, "आबा, काकूंचं बरोबर आलं. सगळ्यांत वर आलं. त्या थांबू शकतात." जशी काही पोराची नोकरी लागल्याची बातमी. त्या वेळी तिच्या घशाला नळी होती. मला त्याला खरं सांगता आलं असतं, की बाबा, तुझं हेही गेलं. सांगितलं नाही. दया आली म्हणून नाही. मी म्हटलं, "आत आहे. जा, तिलाच सांग."

तो आत गेला. खाटेजवळ खाली बसला. "काकू, तुमचं बरोबर आलं. तुम्ही थांबू शकता." तिने मान हलवली, मग त्याच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. ते फक्त मला कळण्यासारखं होतं. तिने हाताने त्याला खूण केली, काहीतरी खा. तो मान खाली घालून रडू लागला. मी बाहेर जाऊन बैलाला वैरण टाकली.

ती गाडीत बसली असती तर वाचली असती, असं मी म्हणत नाही. कोणालाच माहीत नाही. गाडीत बसलेल्यांतही एक गेली.

दिवसपाणी आटोपल्यावर तो परत आला. खोली सोडायची होती, सामान बांधलं होतं. माझ्यासमोर उभा राहिला. मीच म्हटलं, "एक काम कर. तिचं पहिलं उत्तर काढून टाक."

"काढता येत नाही, आबा. ते पुढे गेलं."

"कुठे?"

"छापून आलं. बाहेरच्या देशातही गेलं."

"काय छापलं आहे?"

"नावं नसतात त्यात. सगळ्या बायांचं मिळून असतं."

"काय छापलं आहे ते सांग."

त्याने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. "की या भागातल्या मिसरी लावणाऱ्या बायका उद्याच्या जास्तीसाठी थांबत नाहीत. आजचं थोडं घेतात." मग घाईने म्हणाला, "खाली मी टीप दिली आहे. पाहुणचाराची. बारीक अक्षरात आहे, पण आहे."

"टीप कोण वाचतं?"

तो खोटं बोलू शकला असता. एवढं तरी. मी वाट पाहिली.

"फारसं कोणी नाही," तो म्हणाला.

मी त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेलो नाही. खोली नंतर भाड्याने दिली नाही. पोरगी फोनवर म्हणते, आबा, आईला देवाने चांगल्या जागी ठेवलं असेल. असेल. मला त्यातलं कळत नाही. एक जागा मात्र मला पक्की माहीत आहे. कुठल्याशा देशात एक कागद आहे, त्यात आमच्याकडच्या बाया ओळीने बसवल्या आहेत, तिथे ती बसली आहे. तिला नाव नाही. आणि वर लिहिलं आहे की हिला थांबता येत नाही.